कानबाईला डोळा मारणारा डबा

लाल रंग मला आधी फार आवडायचा. लग्नातली साडी लाल, पहिली स्कूटी लाल, पर्ससुद्धा लालच. या नोकरीनं त्या रंगाची पार वाट लावली. आता कुठंही लाल ठिपका दिसला, अगदी सिग्नलचा जरी दिसला, तरी माझा हात आपोआप माउसकडे जातो.

आमचं ऑफिस नंदुरबारला, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही गावोगाव इंटरनेट पोचवतो. ज्या गावात पोचवायचं तिथल्या एखाद्या उंच घराच्या गच्चीवर छत्री लावायची, त्या छत्रीची वायर घरातल्या एका डब्यात आणायची आणि डब्यातून शेजारपाजाऱ्यांना वायरी वाटायच्या. एवढाच धंदा. माझं काम म्हणजे या सगळ्या डब्यांवर नजर ठेवणं. मी म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर. ते दर मिनिटाला प्रत्येक गावच्या डब्याला हाक मारतं. डब्यानं ओ दिली की नकाशावर हिरवा ठिपका, नाही दिली की लाल.

आमचे मालक, त्यांना सगळं नंदुरबार चाचा म्हणतं. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, याच गल्लीत. चाचांचा त्या स्क्रीनवर इतका विश्वास, इतका विश्वास, की मी समोर उभी राहून सांगितलं तरी ते आधी स्क्रीनकडे बघतील. त्यांनी एक युक्तीही काढली होती. प्रत्येक गावात डब्याच्या प्लगाआधी एक चिमुकला खटका बसवला, त्यात सिमकार्ड. ठिपका पंधरा मिनिटं लाल राहिला की सॉफ्टवेअर स्वतःच त्या खटक्याला मेसेज टाकतं, खटका ‘टक्’ करून डब्याची वीज तोडतो आणि मिनिटाभरानं परत देतो. बंद करून चालू केलं की निम्मी दुखणी बरी होतात, असं चाचांचं म्हणणं. खरंही आहे ते. पण ही युक्ती थांबवायचा पासवर्ड फक्त चाचांकडे. मी कितीदा मागितला! ‘देंगे बेटा, देंगे’ म्हणून हसायचे.

तर त्या नकाशावर धानोऱ्याचा जो ठिपका आहे ना, ते माझं माहेर. तिथला डबा मीच बसवून घेतला, मधल्या खोलीत, फळीवर. गावात नेट आलं ते आमच्या घरातून, म्हणून मायनं तेव्हा गल्लीभर मिरवून घेतलं होतं. आणि मला रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या तो हिरवा ठिपका दिसला की घरी सगळं ठीक आहे असं वाटायचं. फोन करायची गरज नाही.

त्या शनिवारी आले आणि बघते तर धानोरा लाल.

आणि नेमका कुठला शनिवार? दुसऱ्या दिवशी कानबाई! खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, मणी, साडी सगळं. रविवारी वाजतगाजत बसवायची, सोमवारी तसंच वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिच्या आधी आठवडाभर घर म्हणजे नुसता धिंगाणा. भिंतींना चुना, रंग, गोधड्या धू, भांडी घास, डबे उपस. घरातली एक वस्तू अशी राहत नाही की जी जागेवरून हलली नाही आणि पुसली गेली नाही. मग घरच्या गव्हाच्या पिठाचे रोट करायचे. रोट फक्त त्या घराण्याच्या माणसांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आमच्याकडे माहेरचा रोट चालत नाही. म्हणजे मी कानबाईला गेले तरी रोटाच्या वेळी बाजूला बसणार. पहिल्या वर्षी मी यावरून मायशी कडाक्याचं भांडले होते. उपयोग शून्य.

पण त्या शनिवारी लाल ठिपका बघून मी घाबरले ती कानबाईमुळे नाही. वहिनीमुळे.

माझी वहिनी गणितात एम. एस्सी. आहे. खोटं नाही सांगत, ती पाढे म्हणते तेव्हासुद्धा ऐकत राहावंसं वाटतं. लग्न झालं, पोरं झाली, शेताचं बघायचं, माणसांचं बघायचं, आणि ते गणित गेलं माळ्यावर. उन्हाळ्यात मीच तिला पुण्यातल्या एका ऑनलाइन क्लासची जाहिरात दाखवली. मराठी माध्यमाच्या मुलांना घरी बसून शिकवायचं. नमुन्याचा एक तास त्यांच्यासमोर घ्यायचा, आवडला तर नोकरी. पहिल्या वेळी तास निम्म्यावर आला आणि गावची लाइट गेली. त्यांनी चांगुलपणानं आणखी एक संधी दिली, पण स्पष्ट सांगितलं, या वेळी लाइन तुटली तर पुन्हा बोलावणार नाही. मुलं लाइन जोडायची वाट बघत बसू शकत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. वहिनी त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली होती. तिला मी आधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

आणि दुसरी संधी कधी? याच शनिवारी दुपारी! कानबाईच्या आदल्या दिवशी! मायला काही सांगितलेलं नव्हतं. घरात एवढी कामं पडलेली असताना सून तासभर दार लावून बसणार म्हटल्यावर माय काय म्हणेल, याची वहिनीला धास्ती. मला म्हणाली होती, ‘डोकं दुखतंय सांगीन नि खोलीत जाईन.’

मी लाल ठिपक्यावर टिचकी मारली. आत आदल्या संध्याकाळपासूनचा सगळा इतिहास. आधी लिहिलेलं, ‘टाइमआउट’. मग थोड्या वेळानं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मग परत ‘रिफ्यूज्ड’, ‘रिफ्यूज्ड’, ‘रिफ्यूज्ड’. अधूनमधून एखादा टाइमआउट, की लगेच पुन्हा रिफ्यूज्ड.

या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टाइमआउट म्हणजे तुम्ही कुणाच्या दारात उभं राहून हाका मारताय आणि आतून काहीच आवाज नाही. घरात कुणी नाही, नाहीतर झोपलेत. रिफ्यूज्ड म्हणजे दार उघडलं, माणूस बाहेर आला, तुमचं तोंड बघितलं, नाही म्हणाला आणि धाडकन दार लावून घेतलं. म्हणजे डबा जिवंत आहे! जागेवर आहे! फक्त माझ्याशी बोलायला तयार नाही. माझ्याच माहेरचा डबा, मीच बसवलेला, आणि मलाच नाही म्हणतोय. माझं डोकंच फिरलं.

फोन वाजला. वहिनी.

‘ताई, नेट जाई ऱ्हायनं नि येई ऱ्हायनं,’ ती दबक्या आवाजात, आमच्या अहिराणीत म्हणाली. ‘सकायपासून. थोडा वेळ ऱ्हास नि परत जास. मी आते काय करू व?’

‘काही करू नको. मी बघते. तू तुझं गणित बघ.’

हे मी अगदी साहेबासारखं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर नखं खायला लागले. मोबाइलच्या नेटवर तास घ्यावा म्हटलं तर आमच्या घरात रेंज मेसेजपुरती येते, व्हिडिओपुरती नाही. त्यासाठी गच्चीवर जावं लागतं आणि बाहेर श्रावणाची झड लागलेली.

मग मी लागले कामाला. पासवर्ड बदललाय का कुणी? नाही. पत्ता तोच का? तोच. माझ्याच कॉम्प्युटरचा काही चावटपणा? शेजारच्या कॉम्प्युटरवरून बघितलं, तिथंही नकार. बाकीची सगळी गावं हिरवीगार, पलीकडे पार अक्कलकुव्यापर्यंत. गच्चीवरच्या छत्रीला विचारलं, ती टुणटुणीत. म्हणजे छत्रीपर्यंत मी पोचतेय, छत्रीच्या खालच्या डब्यापाशी गेलं की नकार. तासभर हेच. मी त्या स्क्रीनला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

शेवटी मी ठरवलं, डबा बिघडलाय. मरायला टेकलाय, अधूनमधून शुद्धीवर येतो, तेवढ्यापुरतं नेट येतं. नवा डबा उचलला, लॅपटॉप पिशवीत घातला, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि स्कूटीला किक मारली. चाचा नव्या टॉवरच्या कामाला अक्कलकुव्याला गेले होते. ऑफिसला कुलूप लावून निघाले, त्यांना विचारलंही नाही.

रस्ताभर नुसती घाई. समोर चाऱ्याची ट्रॉली आडवी, मागून मोटरसायकलींचे हॉर्न, चष्म्यावर पाणी. मी एकटीच मोठमोठ्यानं बोलत होते. चल ना रे बाबा, सरक ना! खरं सांगू? भीती होतीच, पण मजाही येत होती. खुर्चीत बसून ठिपके बघणारी मी, आणि आता त्याच ठिपक्याच्या आत घुसायला निघालेली!

घरात पाऊल टाकलं तर ओला चुना, गूळ आणि तूप यांचा वास. मधल्या खोलीत माय पीठ चाळतेय आणि गल्लीतल्या बायका धान्य निवडत बसलेल्या. टीव्हीवर कानबाईची गाणी लावलेली आणि त्याच्यावर बायकांचा आवाज. टीव्हीसुद्धा आमच्याच नेटवर चालतो.

‘काय व, आज कशी उनी?’ माय पिठाच्या हातांनी उठली. ‘कानबाई तं उंद्या शे.’

‘डबा बघाले,’ मी म्हटलं आणि फळीकडे बघितलं. फळीच नाही! भिंत पांढरीशुभ्र, खाली चौरंग मांडलेला.

‘तठे लायं,’ मायनं बोळीकडे हात दाखवला. ‘तेनं आठे काय काम? कानबाईले डोया मारी ऱ्हायंतं ते डबडं. हिरवा-पिवया लाइटी, रातदिन नुसतं मिचीमिची. देवीसमोर असं चालस का?’

बायका खो खो हसल्या. मलाही हसू येत होतं, पण बोळीत पळाले.

मधल्या खोलीच्या मागं बोळ आहे, बोळीच्या टोकाला वहिनीची खोली. तिच्या दाराशेजारीच भिंतीवर डबा टांगलेला. आणि काय सांगू, इतका स्वच्छ डबा मी कंपनीतून नवाकोरा आलेलासुद्धा बघितला नव्हता! पाचही वायरी पुसलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं सूत बांधलेलं. पहिलीला पिवळं, दुसरीला हिरवं, अशी ओळीनं. जी जिथं होती, तिथंच परत लागावी म्हणून.

त्याच वेळी भिंतीवर आवाज आला, ‘टक्’.

डब्याचे दिवे विझले. आतून वहिनीचा आवाज, ‘गयं परत.’ मिनिटाभरानं दिवे लागले.

मी त्या चिमुकल्या खटक्याकडे बघत राहिले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा मरायला टेकलेला नव्हताच. डबा ठणठणीत होता! त्याचा गळा आम्ही दाबत होतो. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरला तो ओ देत नाही, म्हणून ठिपका लाल, म्हणून पंधरा मिनिटांनी खटक्याला मेसेज, म्हणून वीज बंद. वहिनीचं नेट दुसरं कुणी घालवत नव्हतं, माझंच ऑफिस घालवत होतं.

पण मग हा मला ओ का देत नाही? मी मान वाकडी करून डब्यावरची अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला.

डबा उलटा होता! खालची बाजू वर, वरची खाली. या नव्या जागी विजेचा प्लगपॉइंट डावीकडे, डब्याची वायर उजवीकडे आणि ती आखूड. मग मायनं काय केलं? डबाच फिरवला. पोचली वायर. आणि मग सुताच्या रंगांप्रमाणे डावीकडून उजवीकडे, अगदी पहिल्याच क्रमानं वायरी लावल्या. तिच्या बाजूनं एक अक्षर चुकलेलं नाही. पण डबा उलटा झाल्यावर डावीकडचं पोर्ट, म्हणजे वायर खोचायचं भोक, पहिलं राहतंय कुठं? ते झालं पाचवं. छत्रीची वायर गेली पाचव्यात, टीव्हीची आली पहिल्यात.

नेटला त्यानं काही फरक पडत नाही. कुठूनही आत या, कुठूनही बाहेर जा. पण ऑफिसच्या माणसाशी बोलायचं तर ते फक्त पहिल्या पोर्टातून आला तरच, असा नियम मीच डब्याला घालून दिला होता. म्हणजे पुढच्या दारानं येणाऱ्यालाच घरात घ्यायचं. आणि मी कालपासून मागच्या दारात उभी राहून बोंबलत होते! डबा बिचारा माझंच ऐकत होता.

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी तिथं बोळीत उडीच मारली. वायरी उपटायच्या, डबा सरळ करायचा, झालं! छत्रीच्या वायरीवर हात ठेवला सुद्धा.

तेवढ्यात आतून स्वच्छ, शाळेतलं मराठी ऐकू आलं, ‘नमस्कार. आज आपण अपूर्णांकांची बेरीज शिकणार आहोत.’

तास सुरू झाला होता. मी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. आता वायर काढली तर लाइन तुटणार. डब्याचा प्लग त्या खटक्यातून काढून भिंतीत घालावा तरी वीज जाणार. आणि काहीच नाही केलं तर? पंधरा मिनिटांत ‘टक्’. तीन रस्ते, आणि तिन्हीकडं वहिनीची नोकरी जाते.

अंगणात पत्र्याखाली जाऊन चाचांना फोन लावला. त्यांच्या मागं ट्रकांची घरघर.

‘चाचा, धानोऱ्याचा तो ऑटो खटका बंद करा. आत्ता. या मिनिटाला.’

‘क्यों बेटा? लाल है वो. मैं मोबाइल पे देख रहा हूँ.’

‘अहो लाल आहे पण चालू आहे! मी डब्यासमोर उभी आहे! दिवे लागलेत, टीव्ही चालू आहे, वहिनी आत शिकवतेय!’

‘लाल है मतलब बंद है,’ चाचा शांतपणे म्हणाले. ‘स्क्रीन झूठ नहीं बोलती, बेटा. पहले हरा करो, फिर बात करेंगे.’

‘चाचा, मी डोळ्यांनी बघतेय!’

‘हलो? हलो?’ आणि रेंज गेली. परत लावला तर फोन आवाक्याबाहेर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फोन मी चिखलात आपटणार होते, हप्ते आठवले म्हणून हात आवरला.

पहले हरा करो. ठीक आहे! करते हिरवा!

बोळीत परत आले. डबा फक्त पहिल्या पोर्टातून येणाऱ्याशी बोलतो ना? मग मीच पहिल्या पोर्टातून जाते. लॅपटॉपची वायर तिथं खोचायची, पासवर्ड टाकायचा आणि डब्याला सांगायचं, बाबा रे, आजपासून पाचव्यातून आलेल्यालाही ओ देत जा. एवढ्यानं ना वीज जाते, ना वहिनीची लाइन तुटते. पण पहिल्यात होती टीव्हीची वायर. काढली.

मधल्या खोलीत गाणं कचकन तुटलं. बायकांचा एकच गलका, ‘काय व्हयनं? काय व्हयनं?’ आणि माय तरातरा बोळीत आली.

‘गानं काबरं बंद करं व तू? ऐन कानबाईना...’

‘माय, शप्पथ आहे तुला, ओरडू नको,’ मी दात आवळून म्हटलं आणि घाईत तोंडातून निघून गेलं, ‘आत वहिनीचा तास चालू आहे! नोकरीचा!’

बोलले आणि जीभ चावली. केलं ना वाटोळं. महिनाभर लपवलेलं एका वाक्यात ओतून मोकळी.

मायनं आधी माझ्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मले माहित शे. तू हयू बोल.’

आणि वळली, मधल्या खोलीत गेली, ‘ए, गप बसा व समद्या, चिडीचूप,’ असं बायकांना दमात घेतलं आणि परत येऊन बोळीच्या तोंडाशी उभी राहिली. कुणाची टाप होती आत यायची!

मला आश्चर्य वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. जमिनीवर बसले. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. आत वहिनी शांतपणे सांगत होती, ‘समजा, अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे आणि पाव भाकरी माझ्या ताटात. आता दोन्ही एकत्र करायच्या तर आधी काय करावं लागेल?’ कुणीतरी पोरगं उत्तर देत होतं आणि ती म्हणत होती, ‘छान! का बरं?’ तिचा तो आवाज! चुलीपुढे रडलेल्या बाईचा तो आवाजच नव्हता. मी खोटं कशाला बोलू, मला तिथं हुंदका आला. तिसऱ्यांदा पासवर्ड बरोबर बसला.

डब्यानं दार उघडलं. आत शिरले, नियम शोधला, पहिल्या पोर्टाच्या जोडीला पाचवं लिहिलं, पुन्हा वाचलं, कारण इथं चूक झाली असती तर सगळंच गेलं असतं, आणि बटण दाबलं. मग दुसऱ्या खिडकीत नकाशा उघडला. धानोरा लाल. लाल. सॉफ्टवेअर मिनिटानं एकदा हाक मारतं, ते मिनिट काही सरेना. घड्याळाकडे बघितलं तर पंधरा मिनिटं भरत आलेली. मी सारखी खटक्याकडे बघतेय म्हटल्यावर मायनं जवळ येऊन त्यावर हात धरला होता. हातानं तो थांबत नाही, हे तिला सांगायचं मला सुचलं नाही.

आणि झाला हिरवा!

असा हिरवा, असा हिरवा की काय सांगू! मी मायच्या कमरेलाच मिठी मारली. आम्ही दोघी त्या खटक्याकडे कान लावून बसलो. दोन मिनिटं गेली, पाच गेली. टक् नाही. आत अपूर्णांकांवरून वहिनी शाब्दिक उदाहरणांवर गेली होती.

माझ्या फोनवर मेसेज आला. चाचांचा. ‘देखा? हो गया ना हरा.’ मी त्यांना जे उत्तर लिहिलं ते पाठवलं नाही.

वहिनी बाहेर आली तेव्हा बोळीत आम्ही दोघी जमिनीवर, मधे लॅपटॉप, वायरींचा पसारा. मायला बघून ती जागीच थिजली. साडीचा पदर उगाच नीट करायला लागली.

‘काय म्हणाले?’ मी ओरडलेच.

‘सोमवारपासून या म्हणाले.’ ती मायकडे बघतच नव्हती. ‘मी म्हटलं, सोमवारी आमची कानबाई जाते. मंगळवारपासून येते. ते हसले नि हो म्हणाले.’

मी जी किंकाळी फोडली ती म्हणे चार घरं सोडून ऐकू गेली. बायका धावत आल्या. माय मात्र आत गेली, गुळाचा खडा घेऊन आली आणि वहिनीच्या तोंडात घातला. वहिनीनं वाकून पाया पडायला घेतलं तर तिला धरून म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. रोटना गहू निवडाना ऱ्हायना शे अजून.’

थोड्या वेळानं मी डबा सरळ करायला गेले. मायनं हात धरला. कानबाई जाईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.

‘बरं. पण माय, तुला तासाचं कसं माहीत?’

‘महिनाभर रोज सकाय गोठामा म्हशीसले अपूर्णांक शिकाडस ती,’ माय म्हणाली. ‘मले काय कान नई शेत?’

‘मग डबा इथं, तिच्या दाराशी का लावलास? डोळा मारतो म्हणूनच ना?’

‘डोया तं मारसच. पन तठून कहाडा तं लावाना कोठे? तिले नेट नीट भेटो म्हनीसन आठे लायं. काल दिवसभर तेच करं मी.’

मला काय झालं कोण जाणे. इतका वेळ नुसती नाचत होते, आणि एकदम जुनं सगळं आठवलं. कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी मी याच घरात दोन दिवस जेवले नव्हते. याच मायनं मला म्हटलं होतं, पोरीच्या जातीला वायरी कशाला. ती मायच आता एकेका वायरीला सूत बांधत बसली होती.

‘मन्हासाठे नई करं व माय तू कधी असं,’ मी म्हटलं. भांडायला म्हणून नाही म्हटलं. निघून गेलं तोंडातून.

माय भिंतीला टेकून बसली. हाताचं पीठ एकमेकांवर चोळत राहिली.

‘तू भांडनी तव्हय मले समजनं,’ ती म्हणाली. ‘ती भांडत नई. मंग तिनाकरता कोन करी?’

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि आम्ही दोघी त्या उलट्या डब्याचे मिचमिचणारे दिवे बघत राहिलो. मग आतून वहिनीनं हाक मारली आणि माय गहू निवडायला उठली.